बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानाची दुरुस्ती : दगडांच्या नोंदीपासून छतातल्या खंडापर्यंत

बर्लिनच्या पश्चिम भागातले ऑलिंपियास्टाडिओन हे हेर्था बर्लिन या फुटबॉल संघाचे घरचे मैदान आहे. १९८५ पासून जर्मन करंडकाचा अंतिम सामना दरवर्षी तेथेच होत असल्यामुळे जर्मनीतल्या प्रत्येक फुटबॉलप्रेमीच्या मनात त्याला एक स्थान आहे. २००६ च्या विश्वचषकाचा इटली आणि फ्रान्स यांच्यातला अंतिम सामना याच मैदानावर झाला. त्याआधी, २००० ते २००४ या काळात, या वास्तूचे संपूर्ण नूतनीकरण झाले आणि त्याचा आराखडा गेर्कान-मार्ग या हॅम्बुर्गच्या वास्तुविशारद संस्थेने केला होता. वारसा-संवर्धनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी तेव्हा जर्मनीत होते आणि या कामाच्या उत्तरार्धात, दगडकामाची पाहणी व नोंद करणाऱ्या एका लहान कार्यालयात मला प्रशिक्षणार्थी म्हणून काम मिळाले. हजारो माणसे दर पंधरवड्याला ज्या वास्तूत येऊन बसतात, ती वापरात असतानाच दुरुस्त कशी करायची, आणि दुरुस्ती करताना कोठे थांबायचे, हे मी तेथे जवळून पाहिले. त्या कामाची पद्धत आणि त्यामागची कारणे येथे सविस्तर मांडत आहे.

मी अमरावतीची. आमच्या गावात १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा उल्लेख निघाला की हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाचे नाव निघते, कारण त्या वर्षी मंडळाच्या पथकाने बर्लिनला जाऊन कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. त्याच क्रीडासंकुलातल्या हॉकीच्या मैदानावर १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीचा ८-१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. त्यामुळे बर्लिनचे ते संकुल माझ्यासाठी केवळ परदेशातली एक प्रसिद्ध इमारत नव्हते. तरीही तेथे पोहोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मला हे मान्य करावे लागले की, त्या वास्तूकडे केवळ अभिमानाने पाहता येत नाही. ती नाझी राजवटीने आपल्या सामर्थ्याच्या प्रदर्शनासाठी बांधून घेतलेली आहे, आणि तिच्या प्रत्येक दगडाबद्दल निर्णय घेताना ही गोष्ट दृष्टीआड करता येत नव्हती.

वास्तूची मूळ रचना समजल्याशिवाय दुरुस्तीतले निर्णय समजणार नाहीत. या जागी आधी ओटो मार्च यांनी बांधलेले एक क्रीडांगण होते. १९१६ चे ऑलिंपिक बर्लिनला व्हायचे होते, त्यासाठी ते १९१३ मध्ये उभारले गेले, पण पहिल्या महायुद्धामुळे ती स्पर्धाच रद्द झाली. पुढे १९३६ च्या स्पर्धेसाठी ओटो यांचे पुत्र व्हेर्नर मार्च यांनी त्याच जागी नवे, कितीतरी मोठे क्रीडांगण रचले. त्यांनी क्रीडांगणाचा निम्मा भाग जमिनीत उतरवला. खेळाची जागा बाहेरच्या जमिनीपेक्षा सुमारे १२ मीटर खाली आहे. त्यामुळे पूर्वेकडच्या दोन उंच मनोऱ्यांमधून आत येणाऱ्या प्रेक्षकाला समोर फारशी उंच नसलेली दगडी खांबांची लंबगोल ओळ दिसते, आणि त्या खांबांमधून आत पाऊल टाकताच खालच्या सज्जाची, म्हणजे प्रेक्षकांच्या बैठकांच्या खालच्या टप्प्याची, उतरंड एकदम पायांखाली उघडते. प्रेक्षक मधल्या पातळीवर प्रवेश करतो, अर्धे लोक तेथून खाली उतरतात आणि अर्धे वर चढतात. लाखभर माणसांची गर्दी जिन्यांवर न तुंबता आत-बाहेर होऊ शकावी यासाठी इतका साधा आणि इतका नेमका उपाय मी अन्यत्र पाहिलेला नाही.

दुसरे वैशिष्ट्य पश्चिमेला आहे. तेथे सज्जांचे कडे सलग नाही, मधोमध तोडलेले आहे. या खंडाला मॅरेथॉन द्वार म्हणतात. त्यातून पलीकडचे मायफेल्ड हे विस्तीर्ण पटांगण आणि त्याच्याही पलीकडचा घंटामनोरा एका सरळ रेषेत दिसतो. पूर्वेचे मनोरे, खेळाची जागा, मॅरेथॉन द्वार, पटांगण, घंटामनोरा अशी ही रेषा म्हणजे साऱ्या संकुलाचा कणा आहे. याच द्वाराच्या भिंतींवर १९३६ च्या विजेत्यांची नावे कोरलेल्या शिळा आहेत. त्यांत चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या जेसी ओवेन्सचे नाव आहे. वंशश्रेष्ठत्वाचा डंका पिटणाऱ्या राजवटीने उभारलेल्या भिंतीवर ते नाव आजही वाचता येते, आणि त्या भिंती जपण्यासाठी माझ्या दृष्टीने एवढे एकच कारण पुरेसे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा सारा परिसर ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात गेला आणि १९९४ पर्यंत त्यांचे मुख्यालय तेथे होते. घंटामनोरा ब्रिटिशांनी १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला, १९६२ मध्ये खुद्द व्हेर्नर मार्च यांनीच तो पुन्हा बांधला. १९७४ च्या विश्वचषकासाठी उत्तर आणि दक्षिण सज्जांवर अर्धवट छपरे टाकली गेली, बाकीचे प्रेक्षक पावसातच बसत राहिले. नव्वदच्या दशकात काँक्रीट फुटू लागले, दगड काळे पडले, आणि मग बर्लिनमध्ये मोठा वाद झाला. हे बांधकाम पाडून टाकावे, निव्वळ फुटबॉलचे नवे मैदान बांधावे आणि जुने तसेच पडझडीला सोडून द्यावे, की ते दुरुस्त करावे, अशा तिन्ही सूचना गंभीरपणे पुढे आल्या होत्या. १९९८ मध्ये दुरुस्तीच्या बाजूने निर्णय झाला आणि जुलै २००० मध्ये काम सुरू झाले. खर्च सुमारे २४ कोटी २० लाख युरो झाला. त्यातला मोठा वाटा जर्मनीच्या केंद्र सरकारने उचलला.

आमच्या कार्यालयाकडे बाहेरच्या दगडी आवरणाचा एक भाग होता. या वास्तूचा आतला सांगाडा लोहकाँक्रीटचा आहे आणि त्याला बाहेरून दगडाचे आवरण आहे. हा दगड मुख्यतः फ्रँकोनिया भागातला मुशेलकाल्क, म्हणजे शिंपल्यांच्या तुकड्यांनी भरलेला चुनखडक आहे. जवळून पाहिले तर त्यात शिंपल्यांचे अर्धवर्तुळाकार छेद आणि लहान-लहान पोकळ्या दिसतात. आमच्याकडे सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टात वाढलेल्या डोळ्यांना हा दगड आधी झिजलेलाच वाटतो. कोणती पोकळी जन्मजात आणि कोणती झिजेने झालेली, हे ओळखायला शिकणे हाच कामाचा पहिला टप्पा होता, आणि त्यासाठी आमच्या कार्यालयातल्या अनुभवी पाथरवटाने मला दिवसेंदिवस फक्त दगड पाहायला लावले. हाताने चाचपून कडा बोथट लागली तर ती पोकळी जुनी, खदाणीतली. कडा धारदार आणि आतला रंग ताजा असेल तर ती अलीकडची.

नोंद करण्याची पद्धत अशी होती. प्रत्येक दर्शनी भागाचे, सांध्यासह प्रत्येक चिरा दाखवणारे रेखाचित्र आधी तयार केले जाई. खांबांच्या अक्षांना क्रमांक, त्या अक्षावरच्या थरांना क्रमांक आणि थरातल्या चिऱ्याला क्रमांक, अशा तीन अंकांनी प्रत्येक दगडाची ओळख ठरे. मग परांचीवर चढून एकेक दगड पाहायचा, लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. भरीव दगडाचा आवाज स्वच्छ येतो, मागून सुटलेल्या दगडाचा बसका येतो. त्यानंतर रेखाचित्रावर ठरलेल्या रंगांत खुणा करायच्या : तडा, कपचा उडणे, काळी खपली, शेवाळ, उघडा सांधा, पूर्वीच्या दुरुस्तीत भरलेला सिमेंटचा गिलावा. शेवटी त्या दगडाचे पुढे काय करायचे याची शिफारस लिहायची. शिफारशी पाचच प्रकारच्या होत्या. काहीच करू नये, स्वच्छ करावे, मसाल्याने भरावे, खराब भाग कापून तेथे त्याच जातीच्या दगडाचा जोडतुकडा बसवावा, किंवा संपूर्ण दगड बदलावा. यातली पहिली शिफारस लिहिताना सर्वांत जास्त कारणे द्यावी लागत, आणि आमच्या कार्यालयाच्या प्रमुख वास्तुविशारद बाईंनी हा नियम मुद्दाम घातला होता. दगड बदलायचा तर कंत्राटदाराला काम मिळते, अहवालाला वजन येते, दर्शनी भागही नवा दिसतो, त्यामुळे बदलण्याकडे सगळ्यांचा ओढा असतो. न बदलण्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते, म्हणून ती बाजू लेखी नोंदवली गेली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. भारतात परतल्यावर मी जेथे जेथे काम केले तेथे हा नियम लागू करण्याचा आग्रह धरला आहे.

काळ्या खपलीचा प्रश्न विशेष रोचक होता. चुनखडकावर पावसाचे पाणी थेट पडते तेथे तो फिकट, धुतलेला राहतो. पण कंगणीच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेल्या दगडी पट्टीच्या, खाली, कोनाड्यांत, जेथे पाऊस पोहोचत नाही पण दमट हवा पोहोचते, तेथे कोळशाच्या धुरातले गंधकाचे वायू दगडातल्या चुन्याशी संयोग पावून जिप्समचा थर तयार करतात आणि त्या थरात काजळी अडकते. बर्लिनमध्ये कित्येक दशके घरोघरी कोळसा जाळला जात होता, त्यामुळे हे थर जाड झाले होते. ही खपली दिसायला वाईट तर असतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती दगडाचा श्वास कोंडते, तिच्यामागे दगड भुसभुशीत होतो आणि एक दिवस खपलीबरोबर दगडाचा पृष्ठभागही गळून पडतो. ती काढताना आम्ल वापरले तर चुनखडकच विरघळेल, पाण्याचा जोरदार फवारा मारला तर पाणी सांध्यांतून आत शिरून दगड धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्यांना गंज चढेल. म्हणून कमी दाबाच्या हवेबरोबर अतिशय बारीक भुकटी फिरत्या धारेने सोडून खपली थराथराने उतरवण्याची पद्धत मी तेथे शिकले. आधी एका लहान चौकोनावर नमुना करायचा, तो वाळू द्यायचा, स्मारक-संरक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांना दाखवायचा, आणि त्यांनी मान्य केलेला स्वच्छतेचा दर्जा हाच पुढच्या साऱ्या कामाचा मापदंड मानायचा. येथे एक नाजूक निर्णय होता. दगड खदाणीतून आल्यासारखा पांढरा करणे शक्य होते, पण तसे करायचे नाही असे ठरले होते. दगडाचे वय दिसले पाहिजे, रोग मात्र राहता कामा नये, ही मर्यादा नमुन्याच्या त्या चौकोनावर बोट ठेवून समजावून घ्यावी लागे. लेखी वर्णनातून ती कळत नाही.

लोखंडी कड्यांचा उल्लेख वर आला आहे. आवरणाचे दगड मागच्या सांगाड्याला धातूच्या कड्यांनी धरलेले असतात. पाणी शिरले की लोखंड गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि दगड आतून फोडते. त्यामुळे तडा गेलेला दगड दिसला की तडा भरून भागत नाही, मागचे कडे तपासावे लागते. गंजके कडे काढून न गंजणाऱ्या पोलादाचे बसवणे, मग जुनाच दगड पुन्हा जागेवर बसवणे, आणि शेवटी सांध्यांत चुन्याचे प्रमाण जास्त असलेला मसाला भरणे असा तो क्रम होता. सांधे भरण्याचा मसाला दगडापेक्षा मऊ असला पाहिजे, म्हणजे उद्या हालचाल झालीच तर तडा सांध्यात जाईल आणि दगड वाचेल. हे तत्त्व आपल्याकडच्या जुन्या चुन्याच्या बांधकामातही आहे, पण किल्ल्यांच्या आणि मंदिरांच्या दुरुस्तीत सर्रास सिमेंट भरलेले दिसते तेव्हा मला अजूनही अतिशय वाईट वाटते. बर्लिनच्या थंडीत या कामाला आणखी एक बंधन होते. तापमान पाच अंशांच्या खाली गेले की मसाला नीट धरत नाही, म्हणून हिवाळ्यात सांधे भरण्याचे काम थांबे आणि आम्ही रेखाचित्रे पुरी करत बसू.

काँक्रीटच्या भागाची तपासणी दुसऱ्या चमूकडे होती, तरी मी मुद्दाम विनंती करून त्यांच्याबरोबर फिरले. नव्या काँक्रीटमधला क्षार आतल्या सळईला गंजापासून सांभाळतो. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत जातो तसा तो क्षार संपतो. काँक्रीटचा तुकडा ताजा फोडून त्यावर फेनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला की क्षार शिल्लक असलेला भाग गर्द गुलाबी होतो आणि क्षार संपलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर ती सळई आज ना उद्या गंजणारच. सत्तर वर्षांच्या वास्तूचे आयुष्य एका रंगरेषेवर वाचता येते, हे पाहून मी थक्क झाले होते.

खालचा सज्जा मात्र वाचवला गेला नाही. तो पाडून नव्याने बांधण्यात आला आणि खेळाची जागा २.६५ मीटर आणखी खाली नेण्यात आली. वारसा-संवर्धन शिकणाऱ्या विद्यार्थिनीला सुरुवातीला हा निर्णय पटणे कठीण होते, पण प्रेक्षकाच्या दृष्टिरेषेचे गणित समजल्यावर पटला. मैदानाच्या रचनेत प्रत्येक ओळीतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यापासून खेळाच्या जवळच्या कडेपर्यंत एक रेषा काढतात, आणि ती रेषा पुढच्या ओळीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते हे मोजतात. ९ सेंटिमीटरला भागते, १२ सेंटिमीटर मिळाले तर उत्तम. धावपट्टी असलेल्या मैदानात खेळाची कडा आधीच दूर असते, आणि येथे तर जुन्या सज्जाचा उतार उभ्याने पाहणाऱ्या, अधूनमधून उठून बसणाऱ्या १९३६ च्या गर्दीच्या हिशेबाने केलेला होता. मैदान खाली नेल्यामुळे पुढच्या बाजूला आणखी ओळी बसवता आल्या, प्रेक्षक खेळाच्या जवळ आला, आणि हे सारे बाहेरून पाहणाऱ्याला अजिबात दिसत नाही. वरचा जुना सज्जा आणि बाहेरची खांबांची ओळ जपण्यासाठी खालचा सज्जा द्यावा लागला, अशी ती देवघेव होती. ती व्हेर्नर मार्च यांच्या मूळ कल्पनेला धरूनच होती, कारण वास्तू जमिनीत उतरवण्याचाच विचार आणखी पुढे नेण्यात आला होता.

या सगळ्या काळात हेर्थाचे सामने चालूच होते. काम एकेका भागापुरते घेतले जाई आणि उरलेल्या भागांत प्रेक्षक बसत. सामन्याच्या आदल्या दिवशी परांच्यांची तपासणी, सैल अवजारे व तुकडे खाली उतरवणे, कुंपणे लावणे, जाण्या-येण्याच्या वाटा झाडून मोकळ्या करणे हा ठरलेला क्रम होता. काही सामने मी कुंपणाच्या या बाजूने पाहिले. एका बाजूला उघडे पडलेले काँक्रीट आणि क्रेन, दुसऱ्या बाजूला निळे-पांढरे झेंडे घेऊन गाणारे लोक, आणि मध्ये खेळ. आपण ज्या दगडावर सकाळी खूण केली त्याला टेकून संध्याकाळी कोणीतरी उभा आहे, हे पाहिल्यावर नोंदवहीतल्या ‘काहीच करू नये’ या शिफारशीची जबाबदारी अधिक जाणवू लागली.

आता छताविषयी, कारण या नूतनीकरणातला सर्वांत मोठा आणि माझ्या मते सर्वांत योग्य निर्णय तेथे झाला. सर्व प्रेक्षकांवर छत हवे, ही विश्वचषकाची गरज होती. मोठ्या लंबगोल मैदानावर छत टाकण्याची सर्वांत हलकी रीत म्हणजे बाहेर दाब घेणारे एक बंद कडे, आत ताण घेणारे दुसरे बंद कडे, आणि त्यांच्यामध्ये दोर. ही रचना सायकलच्या चाकासारखी काम करते आणि तिला मध्ये एकही खांब लागत नाही. पण त्यासाठी कडे पूर्ण बंद असावे लागते. कडे बंद केले असते तर मॅरेथॉन द्वारावरून छत गेले असते, घंटामनोऱ्याकडे जाणारी दृष्टिरेषा तुटली असती, आणि मूळ वास्तूचा कणाच झाकला गेला असता. म्हणून छत पश्चिमेला द्वारापाशी तोडण्यात आले. एकदा कडे उघडे ठेवायचे ठरले की चाकाची रचना बाद होते. मग प्रत्येक कैचीला, म्हणजे छत पेलणाऱ्या चौकटीला, स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. या छताच्या पोलादी कैच्या सुमारे ६८ मीटर आतवर झेपावतात, आणि त्यांना आधार देण्यासाठी वरच्या सज्जात २० सडपातळ खांब उभे करावे लागले, जे वर जाऊन झाडाच्या फांद्यांसारखे उलगडतात. कैच्यांच्या वर आणि खाली काचतंतूंचे, टेफ्लॉनचा लेप दिलेले पांढरे आवरण ताणलेले आहे. त्यातून दिवसा मऊ उजेड आत झिरपतो, आणि मैदानावरचे दिवे छतातच बसवलेले असल्यामुळे दिव्यांचे उंच मनोरे उभारावे लागले नाहीत.

त्या २० खांबांवर बरीच टीका झाली. त्यांच्या मागे बसणाऱ्या काही प्रेक्षकांची दृष्टी अडते, आणि आधुनिक मैदानात ही त्रुटीच मानली जाते. त्या खुर्च्यांवर बसून पाहिल्यावर टीकेत तथ्य आहे हे मीही मान्य करते. तरीही मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याची कारणे तीन पातळ्यांवरची आहेत. पहिले म्हणजे दृष्टिरेषा वाचली. दुसरे म्हणजे प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उभा राहू शकत असल्यामुळे छत तुकड्या-तुकड्याने उभारता आले आणि खाली सामने चालू राहू शकले. बंद कड्याचे छत सगळे ताणून पूर्ण होईपर्यंत उभेच राहत नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नवे छत दगडी कंगणीच्या मागे सरकून बसते, बाहेरून येणाऱ्याच्या नजरेत फारसे भरत नाही, आणि आत आल्यावर ते कोठेही जुन्या दगडाची नक्कल करत नाही. दगड दगडासारखा, पोलाद पोलादासारखे. १९३६ चे काय आणि २००४ चे काय, हे साध्या प्रेक्षकालाही एका नजरेत कळते. नाझी राजवटीच्या वास्तूबाबत हा प्रामाणिकपणा अधिकच आवश्यक होता, कारण नवे-जुने एकजीव करून टाकले असते तर त्या काळाचे ओझेही गुळगुळीत होऊन गेले असते.

याच कारणाने परिसरातल्या इतर खुणा जपण्याकडेही मी आस्थेने पाहत असे. मनोऱ्यातली मूळ घंटा, तोफगोळ्याने भोक पडलेली आणि तडा गेलेली, दक्षिणेच्या दाराबाहेर जमिनीवर उभी आहे. तिला वितळवून किंवा जोडून नवे करण्याचा विचार कोणी केला नाही. शेजारच्या रस्त्याला जेसी ओवेन्सचे नाव आहे. विश्वचषकाच्या वर्षी, २००६ मध्ये, परिसराचा इतिहास सांगणारे फलक आणि घंटामनोऱ्याखालच्या इमारतीत एक प्रदर्शन उभे राहिले. फलकांचा क्रम आणि मजकूर यांवर आमच्या कार्यालयातही बोलणे होई. वास्तूच्या शेजारी तिचा इतिहास लिहून ठेवणे हेही दुरुस्तीचेच काम आहे, असे तेथील लोक मानत, आणि मला ते पूर्णपणे पटले.

३१ जुलै आणि १ ऑगस्ट २००४ रोजी मैदान पुन्हा खुले झाले. त्यानंतरही आमचे काम काही काळ चालू राहिले, कारण प्रत्येक दगडाच्या नोंदीत शेवटी प्रत्यक्ष काय केले गेले याची भर घालायची होती : कोणता मसाला वापरला, जोडतुकडा कोठून आणला, कोणते कडे बदलले. शिफारस आणि प्रत्यक्ष काम यांत फरक पडला असेल तर त्याचे कारण लिहायचे. पुढच्या पिढीतला कोणी संवर्धक परांचीवर चढेल तेव्हा त्याला आमच्यासारखे अंदाज बांधावे लागू नयेत, यासाठी हे कंटाळवाणे वाटणारे काम अत्यंत काटेकोरपणे केले जाते. आपल्याकडे दुरुस्ती संपली की कागद बांधून ठेवले जातात आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ते सापडत नाहीत. दगडाइतकीच त्याची नोंदही सांभाळली पाहिजे, हे आपल्या संवर्धन-व्यवहारात अजून रुजायचे आहे.

हेर्थाच्या समर्थकांची एक तक्रार मात्र या नूतनीकरणानेही सुटली नाही. मैदानाभोवतीची धावपट्टी, जिला आता हेर्थाच्या रंगाचा निळा पृष्ठभाग आहे, प्रेक्षक आणि खेळ यांच्यात अंतर ठेवते, आणि सुमारे ७४ हजार खुर्च्यांचे हे मैदान साध्या सामन्याला अर्धवट रिकामे दिसते. फक्त फुटबॉलचे वेगळे मैदान हवे, ही मागणी म्हणूनच वारंवार पुढे येते, आणि ती रास्त आहे. धावपट्टी काढून टाकून सज्जे आत ओढावेत, ही दुसरी सूचना मला अजिबात मान्य नाही. २००९ मध्ये उसेन बोल्टने १०० मीटरची शर्यत ९.५८ सेकंदांत याच निळ्या पट्टीवर धावून जागतिक विक्रम केला, एवढ्यासाठीच मी हे म्हणत नाही. धावपट्टी गेली तर सज्जांचा लंबगोल मोडेल, मॅरेथॉन द्वाराला धावपटूंच्या प्रवेशाचा अर्थ उरणार नाही, आणि जे छत इतक्या विचाराने तोडले गेले त्या खंडाला कारणच राहणार नाही. हेर्थाला आपले मैदान हवे असेल तर ते दुसऱ्या जागी नव्याने बांधावे, आणि या वास्तूत करंडकाचे अंतिम सामने, अ‍ॅथलेटिक्सच्या स्पर्धा आणि २०२४ च्या युरो स्पर्धेचा स्पेन-इंग्लंड अंतिम सामना झाला तसे मोठे सामने होत राहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.